पांगुळगाड्याशिवाय

गावात म्हणतात, रोमुलोला नोएमीनं मारलं. नोएमी म्हणजे मीच. म्हणतात त्यात खोटं काही नाही, फक्त कारण चुकीचं आहे. खरं कारण मी एकाच बाईला सांगितलंय आणि तिनंच मला गप्प बसायला लावलं. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

कोलोनिया लुसिंदाच्या विमान क्लबात मी सत्तावीस वर्षं मेकॅनिक होते. क्लब म्हणजे सोयाबीनच्या शेतांमधली गवताची धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर आणि त्यात दोन विमानं. एक फवारणीचं, आणि एक पिवळं, दोन सीटचं, माझ्यापेक्षा वयानं मोठं. इंधन महागत गेलं तसं लोकांचं उडणं कमी होत गेलं. शनिवारी दुपारी हँगरबाहेर मांस भाजायचं, माते म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, त्याचा भोपळा एका हातातून दुसऱ्या हातात फिरवायचा आणि जुन्या बढाया मारायच्या, एवढंच उरलं होतं. मग हेरार्दोनं तो लढाऊ विमानांचा खेळ आणला.

हेरार्दो आमचा दातांचा डॉक्टर आणि क्लबाचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण नियम म्हटला की त्याच्या अंगात येतं. त्यानं तीन मोठे पडदे आणि कॉम्प्युटर आणला, बाकीचं मी केलं. पूर्वी एक फवारणीचं विमान विजेच्या तारांत अडकून पडलं होतं, त्याची सीट, विमान वळवायची दांडी आणि पायातली पेडलं अजून कोपऱ्यात धूळ खात पडली होती. ती मी जोडली. सगळे फिरून आले, वा वा म्हणाले. एकटा रोमुलो म्हणाला, "हे विमान मुकं आहे."

बरोबर होतं त्याचं. नाक फार वर ओढलं, वळण फार आवळलं, की पंखावरची हवा सुटते आणि विमान दगड होतं. पण पडायच्या आधी ते थरथरतं. सीटमधून पाठीला सांगतं, बाबा रे, पुरे आता. रोमुलोच्या बायकोनं, एल्बानं, तिचा जुना मिक्सर दिला. त्याची मोटर काढून मी तिच्या एका बाजूला शिशाचं वजन बसवलं आणि ती सीटखाली लावली. आता खेळातलं विमान पडायला आलं की मोटर फिरायची आणि सीट खडखडायची. रोमुलो बसला, दांडी ओढली, सीट खडखडली, आणि तो असा हसला की मला वर्षभराची मजुरी मिळाली.

ही मोटर मी स्वतःच्या हातानं बसवली होती. हे लक्षात ठेवा, कारण मी विसरले.

या खेळात पडद्यावर एक चौकोन असतो. त्यात खूण केली की कॉम्प्युटर तुमच्या वतीनं विमान सांभाळतो. दांडी पोटात खुपेपर्यंत ओढा, जिथे हवा सुटते त्या कड्याच्या टोकाशी तो विमानाला जाऊच देत नाही. हेरार्दो त्याला पांगुळगाडा म्हणायचा. आमचं 'टिटव्या' नावाचं पथक दर रविवारी ब्राझीलच्या एका पथकाशी लढायचं, आणि पांगुळगाड्यातल्या माणसाला ते लोक दोन वळणांत खायचे, कारण ते कड्यावरून चालायचे आणि आपला माणूस कड्यापासून चार हात लांब. शिवाय सवय वाईट लागते. ओढलं तरी काही होत नाही म्हटल्यावर माणूस ओढतच राहतो.

म्हणून पथकात यायला परीक्षा होती. पांगुळगाडा बंद करून, झाडांच्या उंचीवर, दहा आवळ वळणं घ्यायची आणि पडायचं नाही. उतरणं परीक्षेत धरलेलं नव्हतं. पास झालेल्याच्या डोक्यावर जळकं इंजिन तेल ओतायचं, आमच्याकडे पहिल्यांदा एकट्यानं उडून आलेल्यावर ओततात तसंच, आणि हँगरच्या आतल्या भिंतीवर त्याचं नाव आणि तारीख पांढऱ्या रंगात लिहायची. लिहायचं काम माझं. विमानांवरचे नंबर मीच रंगवते, माझ्यासारखं अक्षर गावात कुणाचं नाही.

आता रोमुलो. एकाहत्तर वर्षांचा. छत्तीस वर्षं फवारणी केली, तारांच्या खालून विमान नेलं आणि घरी जेवायला वेळेवर पोचला. हेरार्दोला, औषधवाल्याला, पाद्रीबाबाला, सगळ्यांना उडायला त्यानंच शिकवलं. म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात हलायला लागला. विचारलं तर म्हणायचा, थंडी आहे. आमच्याकडे जानेवारीत ऐन उन्हाळा, चाळीस डिग्री असते. वर्षाच्या तपासणीला गेला तेव्हा डॉक्टरनं कागदावर सही केली नाही, आणि त्या दिवसापासून रोमुलो जमिनीवर आला. रोगाचं नाव त्यानं कधी घेतलं नाही, आम्हीही घेतलं नाही.

त्याला भिंतीवर नाव हवं होतं. हेरार्दो म्हणाला, "उस्ताद, तुम्हाला कसली परीक्षा? तुमचं नाव आजच लिहू."

"मी तुला माफ केली होती का रे परीक्षा?"

"तीनदा नापास केलंत मला."

"मग? मर्जीनं लिहिलेलं नाव मला नको."

आणि बसला. चौथ्या वळणाला सीट खडखडली, तो दांडी पुढे सोडायला गेला, पण हलणारा हात धड सोडत नाही. हलू नये म्हणून तो मूठ आवळायचा, आणि मूठ आवळली की दांडी मागे यायची. विमान उलटं झालं आणि पडद्यावरच्या शेतात गेलं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तो अकरा शनिवार बसला आणि अकरा वेळा पडला.

आधी चेष्टा चालायची.

"उस्ताद, त्या शेतात एवढ्या वेळा गेलात, आता पेरणी तरी उरका!" हेरार्दो ओरडायचा.

"तुझ्या खुर्चीत जेवढे चांगले दात पडलेत ना डॉक्टर, तेवढा अजून मी पडलो नाही."

सगळे हसायचे, तोही हसायचा. मग सातव्या-आठव्या वेळेपासून चेष्टा थांबली. तो पडला की कुणीतरी मांसाकडे बघायला उठायचं, कुणीतरी घड्याळ बघायचं. ती शांतता मला सहन व्हायची नाही. चेष्टा माणसाची करतात, आजाऱ्याची करत नाहीत.

अकराव्या वेळी सगळे बाहेर गेल्यावरही तो सीटवरच बसून राहिला. उजवा हात डाव्या हातानं धरून.

"नोएमी," तो म्हणाला, "वरचं आकाश काढून घेतलं माझं. हे पत्र्याखालचं तरी राहू दे."

"राहील की. कोण घेतंय?"

"मी येत राहणार. वीस वेळा, पन्नास वेळा. नापास होतोय तोवर परीक्षा चालू आहे. काय?"

"हो," मी म्हटलं, पण ऐकलं नव्हतं मी. कानानं ऐकलं, डोक्यानं नाही. मी त्याचा तो धरलेला हात बघत होते आणि मला एवढंच कळत होतं की बाराव्यांदा हे मला बघायचं नाही. माझ्या जिवाला त्रास होत होता, त्याच्या नाही, हे आज लिहिताना कळतं.

नऊ एप्रिल, शनिवार. हेरार्दो बाहेर मांस पलटत होता. परीक्षेआधी तो चौकोन स्वतः तपासायचा. त्यानं आत डोकं घातलं, हात तेलकट. "नोएमी, बघितलंस का?"

"बघितलंय," मी म्हटलं.

माझ्या शब्दावर त्या क्लबात माणसं हवेत जायची. तो पुढे आलाच नाही. मी चौकोनात खूण केली होती. एक टिचकी, बस.

रोमुलो बसला. पंधरा माणसं मागे उभी. पहिलं वळण त्यानं आवळलं, विमान पंखावर उभं राहिलं, झाडं पडद्यावरून सपासप गेली. वळण पुरं झालं आणि त्यानं एक गोष्ट केली, जी मी पाहिली आणि मला उमगली नाही. त्यानं पाठ सीटला घट्ट टेकवली आणि क्षणभर तसाच राहिला, काहीतरी ऐकत असल्यासारखा. मला वाटलं, एकाग्र झालाय. मग त्यानं दांडी ओढली. पोटापर्यंत ओढली आणि तिथेच ठेवली. दुसरं, तिसरं, चौथं वळण. हात हलत होता, दांडी हलत होती, विमान मात्र रेषेवर चालल्यासारखं फिरत होतं. सात. आठ. माणसं मोठ्यानं मोजायला लागली. दहा म्हणताना औषधवाल्याचा आवाज फुटला.

मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते. रडलेही.

बाहेर त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. हेरार्दोनं तेलाचा डबा उचलला, तर रोमुलो म्हणाला, "तू नको. नोएमी ओतेल."

मी ओतलं. काळं तेल त्याच्या पांढऱ्या केसांतून कानांमागे उतरलं. त्यानं डोळे मिटले होते.

"सावकाश पोरी," तो म्हणाला. "डोळ्यांत जाईल."

त्यानं माझं मनगट धरलं, थोपटल्यासारखं केलं आणि सोडलं. मी बावन्न वर्षांची आहे, पण तो मला पोरीच म्हणायचा.

नाव लिहायचं मी टाळत राहिले. पांढरा रंग संपलाय म्हटलं. चोराच्या मनात चांदणं. खोटं बोलणं एक आणि ते स्वतःच्या अक्षरात भिंतीवर काढणं वेगळं.

ईस्टर झाल्यावरच्या मंगळवारी, एकोणीस तारखेला, सकाळी तो सायकलवरून क्लबात आला. क्लबात मी एकटीच. लांबच्या शेतांत कापणीची यंत्रं चालू होती. त्यानं कागदात गुंडाळलेला गोड पाव माझ्या टेबलावर ठेवला.

"एल्बानं दिलाय. सणाचा उरलेला. दगड झालाय, कॉफीत बुडवून खा."

"आज काय काढलंत उस्ताद?"

"पिवळं विमान दोन आठवडे बंद आहे ना? इंजिन जरा गरम करू. मी आत बसतो, तू पंखा मार."

त्या विमानाला किल्ली नाही. बटण नाही. पुढे उभं राहून कुणीतरी हातानं पंखा फिरवावा लागतो, तेव्हा इंजिन लागतं. एकट्या माणसाला ते विमान नेता येत नाही, निदान आमच्याकडे कुणी नेत नाही. म्हणजे माझ्या हाताशिवाय तो गेला नसता. हे मी हजार वेळा स्वतःला सांगितलंय.

आम्ही विमान बाहेर ढकललं. तो आत बसला. मी पुढे गेले, आणि पंख्याच्या पात्याआडून पाहिलं तर तो खांद्यांवरचे पट्टे बांधत होता. इंजिन गरम करायला कुणी पट्टे बांधत नाही. ते मला दिसलं. दिसलं आणि मी मनात म्हटलं, जुनी सवय असेल. माणसाला जे बघायचं नसतं त्याला तो लगेच चांगलं नाव शोधतो.

मी खिडकीशी गेले. "रोमुलो," मी म्हटलं, उस्ताद नाही म्हटलं, "त्या शनिवारी..."

"नंतर सांग," तो म्हणाला. रागानं नाही. "पंखा मार, पोरी."

मी पंखा मारला. दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं, गोड, एकसारखं. ते इंजिन मी सहा महिन्यांपूर्वी स्क्रू न् स्क्रू उघडून बांधलं होतं. तो ओरडून म्हणाला, चाकाचे ठोकळे काढ, इंधनाच्या पंपापर्यंत नेतो. मी ठोकळे काढले. तो पंपाकडे गेला, पंप ओलांडून पट्टीच्या टोकाला गेला, वळला, आणि माझ्यासमोरून उडून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघत होता, जसं बघायला हवं तसं.

मी हातात ठोकळे घेऊन उभी होते. शिव्या देत होते, त्याला आणि स्वतःला. तो चढत राहिला. तीनशे मीटरवर, बरोबर हँगरच्या डोक्यावर, त्यानं विमान पंखावर उभं केलं आणि वळण आवळलं.

खालूनही दिसत होतं. वळण आवळत गेलं तसं नाक मान डोलवायला लागलं, पंख शहारल्यासारखे हलले. विमान बोलत होतं त्याच्याशी. आणि दर वेळी, दर वेळी, नाक केसभर खाली यायचं. तो दांडी सोडत होता. त्या हातानं. एक. दोन. पाचव्याला पंख कलला, त्यानं सावरलं. मी मोठ्यानं मोजत होते, रिकाम्या मैदानात, वेडीसारखी. आठ. नऊ. दहा.

दहा झाल्यावर त्यानं पंख सरळ केले. थोडा वेळ नुसता उडत राहिला, निलगिरीच्या रांगेच्या बाजूला, कुठेही जायची घाई नसल्यासारखा. मी ठोकळे खाली टाकले आणि टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

मग तो उतरायला आला. पट्टीकडे वळायचं शेवटचं वळण, फार आवळ नाही, रोज कुणीही घेतं तसं. पण वारा मागून होता आणि वळण जरा बाहेर गेलं. ते आत आणायला त्यानं दांडी ओढली असणार. हात दमला असेल. मूठ आवळली असेल. नाकानं एकदाच मान हलवली आणि डावा पंख खाली गेला. उंची साठ मीटर होती. सावरायला दोनशे लागतात.

मी पोचले तेव्हा सगळं शांत होतं. आग लागली नव्हती. मी त्याच्या मानेला हात लावला आणि मग त्याच्याशेजारी सोयाबीनच्या खुंटांत बसले. मेकॅनिकचे डोळे मेले तरी बंद होत नाहीत. पंख्याची दोन्ही पाती टोकाशी पुढे वळली होती. बंद इंजिनाची पाती मागे दुमडतात, जोर लावत असलेल्या इंजिनाचीच पुढे वळतात. माझं इंजिन शेवटपर्यंत ओढत होतं.

राजधानीहून तीन माणसं आली, फोटो काढले, इंजिन पेटीत घालून घेऊन गेली. अहवालाला वर्ष लागेल म्हणाली. गावाला एवढा वेळ नव्हता. दफनानंतर, कबरस्तानाच्या फाटकाशीच, हेरार्दो सगळ्यांना सांगत होता, "हात पक्का होता उस्तादांचा. पंधरा जणांनी पाहिलंय, दहा दिवसांपूर्वी, पांगुळगाड्याशिवाय. त्या माणसाच्या हातून साध्या वळणात विमान पडेल? मग उरलं काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

परवाना नसलेल्या माणसाला पंखा मारून दिला, हा गुन्हा तर माझा होताच. पण इंजिनाचा आळ घेऊन जगायला मी तयार नव्हते. सत्तावीस वर्षं. मी ठरवलं, सगळं सांगायचं, पण आधी एल्बाला. तिचा हक्क पहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याकडे गेले. ती स्वयंपाकघरात होती. केटली गॅसवर होती, टेबलावर त्याची टोपी. मी उभ्यानंच सुरुवात केली, "एल्बा, त्या शनिवारी मी..."

"चौकोनात खूण केलीस," ती म्हणाली.

मी खुर्ची धरली.

"बस. तुला काय वाटलं, छत्तीस वर्षं पाठीनं विमान उडवणाऱ्या माणसाला कळणार नाही? घरी आला, मी तीनदा साबण लावून केस धुतले. डोकं बेसिनमध्ये, आणि मला म्हणतो, एल्बा, तुझा मिक्सर आज बोललाच नाही."

मोटर. विमान कड्याजवळ गेलंच नाही, तर मोटर फिरणार कशी? पडद्याकडे बघणाऱ्या पंधरा जणांना काय कळणार? पण सीट त्याच्या पाठीखाली होती आणि ती गप्प होती. पहिल्याच वळणाला त्यानं पाठ टेकवली ती ऐकायला. आणि मग मुद्दाम दांडी पोटाशी धरून ठेवली, खात्री करायला. पुढची नऊही वळणं तो जाणून बसला होता. तेलही जाणूनच घेतलं डोक्यावर.

"रागावला माझ्यावर?"

"रागावला असता तर बरं झालं असतं." एल्बानं केटलीखालचा गॅस बंद केला. "म्हणाला, नोएमीलासुद्धा आता वाटत नाही मला जमेल असं. बाकीच्यांचं सोड. म्हणाला, नापास होत होतो तोवर परीक्षा चालू होती. तिनं संपवली."

मला रडू आलं नाही.

"मग मंगळवारी तो..."

"परीक्षा द्यायला गेला. तिथे वर येऊन कुणी खूण करणार नाही म्हणाला होता एकदा. मी समजले नाही. सकाळी म्हणाला क्लबात जातो, नोएमीला पाव नेतो. मी बांधून दिला." तिनं टोपी उचलली, परत ठेवली. "तू पंखा मारलास, मी पाव दिला."

मग मी तिला दहा वळणं सांगितली. हातानं करून दाखवली.

"दहा?"

"मोजली मी."

"विमान थरथरलं?"

"प्रत्येक वळणाला. खालून दिसत होतं. आणि प्रत्येक वेळी त्यानं सोडलं. त्याच हातानं, एल्बा."

तेव्हा ती रडली. नवऱ्याच्या दफनाला जिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, ती ओट्याला धरून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि नाही ठेवला. माझ्या हातानं आधीच पुष्कळ करून ठेवलं होतं.

डोळे पुसून ती म्हणाली, "लोक इंजिन म्हणतायत. म्हणू दे."

"एल्बा, माझं लायसन्स जाईल. नाव जाईल."

"माहीत आहे."

"अहवाल येईल तेव्हा सगळ्यांना कळेलच की इंजिन धड होतं."

"अहवाल कोण वाचतं? सगळ्यांदेखत अकरा वेळा पडला तो, नोएमी. बारावं पडणं त्याच्या नावावर नको." ती माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत. "तू एकदा त्याला न विचारता मदत केलीस. आता मी मागतेय ती कर."

मी तिची केटली परत गॅसवर ठेवली आणि निघाले.

शनिवारी हँगरसमोर सगळे जमले. मांस नव्हतं त्या दिवशी. हेरार्दोनं सरळच विचारलं, सगळ्यांसमोर, "नोएमी, इंजिन बंद पडलं ना?"

"हो," मी म्हटलं. "शेवटच्या वळणात. आवाज तुटला. माझ्या बांधणीत चूक राहिली असेल."

दहा वळणांचं बोलले नाही. बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, परीक्षा तर झाली होती, मग परत कशाला घेतली? त्याचं खरं पास होणं लपवल्याशिवाय खोटं पास होणं टिकत नव्हतं.

मातेचा भोपळा फिरत होता. हेरार्दोनं औषधवाल्याला दिला, औषधवाल्यानं परत केला, हेरार्दोनं गरम पाणी ओतलं. माझी पाळी होती. त्यानं माझ्या समोरून हात नेऊन पलीकडच्याला दिला. इतक्या वर्षांत त्या अंगणात कुणाची पाळी वगळलेली मी पाहिली नव्हती. शिव्यांपेक्षा ते जास्त लागलं.

"किल्ल्या सोमवारी दे," तो म्हणाला, आणि मग खाली बघून, "पण त्याआधी उस्तादांचं नाव लिहून जा. तुझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही."

सोमवारी मी रंगाचा नवा डबा फोडला. भिंतीवर बाकीच्या नावांखाली रेघ आखली आणि लिहिलं. अक्षरं चांगली आली, हात एकदाही हलला नाही. नावापुढे तारीख काढली. हेरार्दो किल्ल्या घ्यायला आला तेव्हा मी ब्रश धूत होते. तो भिंतीजवळ गेला, वाचलं, आणि वैतागून वळला.

"हे काय लिहिलंस? एकोणीस? अगं, पास नऊ तारखेला झाले. एकोणीसला तर गेले ते."

"एकोणीसच आहे."

"ही कबर आहे का तारीख घालायला? पुसून नऊ कर."

"सुकलाय रंग," मी म्हटलं.

सुकला नव्हता. त्यानं बोट लावलं असतं तर कळलं असतं. पण त्यानं मान हलवली, किल्ल्या उचलल्या आणि बाहेर कुणाला तरी म्हणाला, बाईला आता साधी तारीखही धड लिहिता येत नाही.